काट्यावरचे नऊ किलो

२०२४ च्या पोळ्याला नैवेद्याच्या पुरणपोळ्या लाटत असताना परकराची नाडी इतकी काचू लागली, की मला मध्येच उठून आत जाऊन ती सैल करावी लागली. रात्री कपडे बदलताना पाहिले, तर कमरेभोवती बोटाच्या पेराएवढी खोल लाल रेघ उमटली होती आणि ती सकाळपर्यंत गेली नव्हती. सणाचे खाणे झाले असेल, असे म्हणून मी तो विषय तिथेच सोडला. पुढचे चार महिने मी तो असाच सोडत राहिले आणि त्याबद्दलच मला आज सविस्तर लिहायचे आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४७. घरी कोरडवाहू शेती आहे, त्यात कापूस, तूर आणि थोडे सोयाबीन होते. २०१६ पासून मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. आम्ही रुग्ण त्याला सीएमएल म्हणतो आणि गावात त्याला सरळ रक्ताचा कॅन्सर म्हणतात. निदान झाले तेव्हा माझ्या पांढऱ्या पेशी २ लाख १८ हजार होत्या. निरोगी माणसाच्या साधारण ४ ते ११ हजार असतात. डाव्या बरगडीखाली एक कडक गोळा हाताला लागत होता. ती वाढलेली प्लीहा होती, आमच्याकडची जुनी माणसे जिला पानथरी म्हणतात. विदर्भात पानथरी वाढलेली दिसली की डॉक्टरांच्या मनात आधी मलेरिया आणि सिकलसेल येतात, त्यामुळे माझ्याही त्याच तपासण्या प्रथम झाल्या आणि रक्ताच्या साध्या अहवालातला तो सहा आकडी आकडा पाहिल्यावर मला नागपूरला पाठवण्यात आले. सोनोग्राफीत पानथरी २१ सेंटिमीटर भरली होती. दोन घास खाल्ले की पोट भरत असे, कारण जठराला फुगायला जागाच उरली नव्हती.

तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणानंतर ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिबची गोळी आणि त्यावर मोठा पेला भरून पाणी, हा क्रम चालू आहे. या गोळीबद्दल मला फार कृतज्ञता आहे. आमच्या आजारात अस्थिमज्जेतल्या पेशींमध्ये नऊ आणि बावीस या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. त्यातून आखूड झालेले गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फिया शहरातल्या दोन संशोधकांच्या नजरेस पडले, ही अदलाबदल नेमकी कशी होते ते १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले आणि त्या सदोष जोडातून तयार होणाऱ्या बीसीआर-एबीएल प्रथिनाला अडवणारे इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला नसता, तर महिन्याला लाखाच्या वर किंमत असलेली ती गोळी आमच्यासारख्या कोरडवाहू घरात आठ वर्षे आली नसती. म्हणूनच पोट का फुगते आहे याचा विचार करताना संशय गोळीवर नेण्याची माझ्या मनाची तयारी होत नव्हती. आणि एकदा तो गेला, तेव्हा मी नको तेच केले. ते पुढे सांगते.

पोळ्यानंतर हळूहळू बऱ्याच गोष्टी बदलत गेल्या. बांगड्या मनगटावरून सरकेनाशा झाल्या. सकाळी डोळ्यांच्या पापण्या जड आणि सुजलेल्या असत, पण इमॅटिनिब घेणाऱ्यांना पापण्यांची सूज नवी नसते, मला ती पहिल्याच वर्षापासून कमीअधिक होतीच. आवाज जरा घोगरा झाला होता, पण वर्गात दिवसभर बोलावे लागते, त्यामुळे त्याचेही काही वाटले नाही. पोट साफ होत नव्हते. भाद्रपदातल्या उकाड्यातही मला अंगावर चादर लागत होती. प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ एक तयार कारण होते आणि ती सगळी एका ओळीत मांडून पाहावीत असे मला सुचले नाही.

त्यातच गाव माझे कौतुक करत होते. ज्या बाईला रक्ताचा कॅन्सर आहे हे सगळ्या आळीला ठाऊक आहे, त्या बाईचे गाल भरलेले दिसू लागले तर माणसांना बरेच वाटणार. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आता बरं अंग धरलं तू. तब्येत सुधरून राह्यली." शाळेतल्या मदतनीस ताई म्हणाल्या, "बाई, काय खाऊन राह्यल्या तुम्ही, आम्हालेबी सांगा." त्यांच्या बोलण्यात निखळ माया होती. आजारी माणूस वाळत गेला की घाबरायचे आणि भरत गेला की निश्चिंत व्हायचे, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे गणित आहे आणि ज्या घरांनी उपासमार पाहिली आहे त्यांचे ते गणित चुकीचे कसे म्हणावे? मात्र आमच्या आजारात आणि आमच्या औषधांवर ते लागू पडत नाही. त्या कौतुकाने माझी भीती झोपवली, हे मला प्रांजळपणे नोंदवावेसे वाटते.

दसऱ्यानंतर कापूस वेचणीला सुरुवात झाली. वेचणाऱ्या बायांचा कापूस रोज संध्याकाळी किलोवर तोलून त्यांचा हिशेब लिहायचा असतो, त्यासाठी आमच्या ओसरीत पाटाएवढा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलेला असतो. एका संध्याकाळी सगळ्यांची गाठोडी तोलून झाल्यावर मी सहज त्यावर उभी राहिले. आकडा आला ६०.८. जूनमध्ये शाळा उघडताना आरोग्य शिबिरात माझे वजन ५४.२ भरले होते. काटा बिघडला असेल म्हणून मी पाच किलोचे माप ठेवून पाहिले, तर तो अगदी बरोबर होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा उभी राहिले तेव्हा ६३.६ किलो भरले. सहा महिन्यांत नऊ किलो चारशे ग्रॅम वाढले होते आणि जेवण तर पूर्वीपेक्षा अर्ध्यावर आले होते.

यादरम्यान मी काहीच केले नाही असे नाही. जवळच्या बाजारगावातल्या एका डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला न ठेवला आणि गॅस आहे म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी या वयात बायांची चरबी वाढतेच, सकाळी चालत जा, असे सांगितले. दोघांनाही मी सीएमएल आणि इमॅटिनिब हे दोन्ही शब्द सांगितले होते. दोघांनीही ते ऐकून घेतले आणि त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. याचे मला वाईट वाटते, कारण मी ज्या पोटाची तक्रार घेऊन गेले होते, त्याच पोटात एकेकाळी २१ सेंटिमीटरची पानथरी होती. एका नातेवाइकाने जडीबुटीच्या पुड्या आणून दिल्या. इमॅटिनिब यकृतातून जाते आणि दुसरे काहीही घेण्यापूर्वी विचारायचे, हे निदानाच्या दिवशीच माझ्या मनावर बिंबवले गेले होते, म्हणून त्या पुड्या मी उघडल्याही नाहीत. एवढी एक गोष्ट तरी मी योग्य केली.

नागपूरला मी का गेले नाही, हे कोणीही विचारेल. आठ वर्षांत माझे अहवाल इतके स्थिर झाले होते की प्रत्यक्ष भेट सहा महिन्यांनी असे आणि त्या खरिपात पेरणी दुबार करावी लागल्याने जुलैची भेट बुडाली. यजमान एकटे जाऊन गोळ्या घेऊन आले. गोळ्या दुसऱ्याच्या हाती आणता येतात, पण पोट तपासून घ्यायला स्वतःलाच जावे लागते, ही साधी गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही.

खरे कारण मात्र भीती हेच होते. सीएमएलचे तीन टप्पे असतात आणि पहिल्या, संथ टप्प्यातून आजार पुढे सरकू लागला तर पानथरी पुन्हा वाढणे हे त्याचे एक लक्षण असू शकते. रात्री अंथरुणात मी डाव्या बरगडीखाली बोटे रोवून गोळा शोधत असे. पोट इतके ताणलेले होते, की काही लागते की नाही हेच कळत नसे आणि तेवढ्यावर दुसऱ्या दिवशीही जाण्याचे टळत असे.

डिसेंबरमध्ये मी गोळीच्या खोक्यातला घडी केलेला कागद प्रथमच उलगडला. आठ वर्षे दर महिन्याला तो कागद मी खोक्यासकट टाकून देत आले होते. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेला तो मजकूर शाळेतल्या प्रयोगशाळेचे भिंग लावून वाचला. शरीरात पाणी साठणे हा या औषधाचा परिचित परिणाम आहे, रुग्णाचे वजन नियमितपणे करावे आणि ते अनपेक्षितपणे झपाट्याने वाढले तर त्याचा नीट शोध घ्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. सूज पापण्यांवर आणि पायांवर येते, पण क्वचित फुप्फुसाभोवती, हृदयाभोवती आणि पोटातही पाणी साठू शकते, हेही होते. ते वाचून मी नागपूरची गाडी धरायला हवी होती. त्याऐवजी मी दोन आठवडे गोळी एक दिवसाआड घेतली आणि घरात कोणालाही सांगितले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अखेर आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो आणि वर्ध्याला गाडी बदलून नागपूरला पोहोचलो. तपासणीची ती दहा मिनिटे मला आजही जशीच्या तशी आठवतात. डॉक्टरांनी मला उताणे झोपवले, डाव्या हाताचे मधले बोट पोटावर सपाट ठेवले आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारत ते बेंबीपासून कुशीकडे सरकत गेले. बेंबीजवळ रिकाम्या डब्यासारखा पोकळ आवाज येत होता आणि कुशीत भरलेल्या माठावर मारावे तसा बद्द आवाज. मग त्यांनी मला उजव्या कुशीवर वळवले, क्षणभर थांबले आणि आता वर आलेल्या डाव्या कुशीवर पुन्हा टिचकी मारली, तेव्हा तिथला आवाज पोकळ झाला होता. ते म्हणाले, "ऐकलंत ना ताई? पाणी आहे. तुम्ही वळलात तसं तेही खाली उतरलं." नंतर पानथरीची तपासणी झाली. उजव्या ओटीपोटापासून डाव्या बरगडीकडे बोटे सरकवत ते प्रत्येक वेळी मला मोठा श्वास घ्यायला सांगत होते आणि प्रत्येक श्वासाला आता ती बोटाला लागेल म्हणून माझे डोळे आपोआप मिटत होते. ती लागली नाही. दुपारच्या सोनोग्राफीत पानथरी ११.४ सेंटिमीटर, म्हणजे नेहमीसारखी निघाली.

मी गोळ्या चुकवल्याचे तेव्हा सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवले. दहातली एक गोळी चुकली तरी या औषधाची पकड ढिली होऊ लागते, असे ते म्हणाले. रक्तात आजार किती उरला आहे ते सांगणारी बीसीआर-एबीएलची तपासणी लगेच पाठवण्यात आली. तो अहवाल यायला जे दिवस लागले, ते मला निदानाच्या वेळच्या दिवसांपेक्षा जड गेले, कारण या वेळी जे काही आले असते ते माझ्याच हातचे असते. आकडा ०.०३ टक्के आला. आधीचा ०.०१ होता. ०.१ किंवा त्याखाली असणे समाधानकारक मानतात, म्हणजे मी अजून सुरक्षित अंगणातच होते. गोळी नागपूरच्या तपासणीच्या रात्रीपासूनच रोज सुरू झाली होती.

पाणी आहे हे कळले, ते कशाचे हे शोधणे बाकी होते. रक्ताचा कर्करोग असलेल्या माणसाच्या पोटात पाणी झाले की ते त्या आजाराचेच, असे धरून चालता येत नाही, हे मला डॉक्टरांनी फार चांगले समजावले. यकृत सुरकुतले तर पाणी होते, हृदय थकले तर होते, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून गेली तर होते. आपल्या भागात पोटाचा क्षयरोग ही शक्यता कधीच सोडता येत नाही. आणि माझ्या वयाच्या बाईच्या बाबतीत अंडाशय पाहिल्याशिवाय पुढे जायचेच नसते. त्यामुळे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन, हृदयाची इको, अंडाशयांसाठी वेगळी सोनोग्राफी असे सगळे झाले. सोनोग्राफीत बघत बघत सुईने थोडे पाणी काढले गेले. सिरिंजमधले ते पाणी मी पाहिले: तुरीच्या वरणावर निवळ येते तसे, फिकट पिवळे आणि स्वच्छ. त्यात क्षयरोगाची खूण सापडली नाही आणि कर्कपेशीही नव्हत्या. हृदय, यकृत, मूत्रपिंड, अंडाशय सगळे ठीक होते.

उत्तराचा मोठा भाग ज्या तपासणीतून आला, ती अगदी साधी आणि स्वस्त होती. माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे आणि ती मंदावली की वाढणारे संप्रेरक, ८६ आला. तो साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असायला हवा. थायरॉइड ग्रंथी फार मंदावली होती. घोगरा आवाज, बद्धकोष्ठ, थंडी वाजणे, वर्गात दुपारनंतर येणारी झापड आणि अर्धे जेवूनही चढत जाणारे वजन, ज्यांना मी चार महिने वेगवेगळी कारणे चिकटवत होते, ती सगळी एका कागदावर एका आकड्यात उभी होती. थायरॉइड फार मंदावले तर अंगभर सूज येते आणि क्वचित पोटातही पाणी होते. माझ्या नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा पडत होता, तो इमॅटिनिबच्या सुजेशी जुळणारा होता. चेहरा आणि हात मात्र दाबूनही न दबणारे फुगलेले होते, ते थायरॉइडशी जुळणारे होते. नऊ किलोंपैकी किती कशाचे, असे मी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, की अशी वाटणी करता येत नाही, दोघांनी मिळून केले आहे एवढेच म्हणता येईल.

परतीच्या गाडीत मी यजमानांना हे समजावून सांगत होते. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, "ओला कापूस तोलला की काटा चढतेच ना. रुई तेवढीच राह्यते." खरेदी केंद्रावर कापसात बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला तर गाडी परत पाठवतात, हे ज्याने भोगले आहे त्याला माझा आजार यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नव्हती. सासूबाईंनाही त्यांनी घरी आल्यावर तेच वाक्य सांगितले आणि त्यांना ते एका दमात समजले.

औषध बदलायचे का, यावर बोलणे झाले. दुसऱ्या गोळ्या आहेत, पण डॅसॅटिनिबने फुप्फुसाभोवती पाणी होण्याचा धोका असतो आणि निलोटिनिबमध्ये रक्तवाहिन्यांवर आणि साखरेवर लक्ष ठेवावे लागते. इमॅटिनिबने माझा आजार नीट धरून ठेवला आहे, म्हणून तेच चालू ठेवायचे ठरले. पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, नंतर अर्धा तास चहा नाही, लोणचे आणि पापड बंद, आणि सुरुवातीचे काही आठवडे लघवी वाढवणारी गोळी. लोणचे बंद होणे मला अपेक्षेपेक्षा कठीण गेले. झुणका-भाकरीबरोबर हात अजूनही बरणीकडे जातो.

माझ्यासारखे कोणी हे वाचत असेल, तर त्यांना हात जोडून सांगते, की पोट वाढले तर आधी ज्यांनी तुमच्या ल्युकेमियाचे निदान केले त्यांच्याकडे जा आणि वजन तारखेसह लिहून न्या. आपला ल्युकेमिया कोणता हेही नीट माहीत असू द्या, कारण क्रॉनिक लिम्फोसायटिक प्रकारात पानथरी आणि पोटातल्या गाठी वाढूनही पोट मोठे दिसते आणि तिथला शोध निराळ्या वाटेने जातो. आडवे झाल्यावर दम लागत असेल, ताप येत असेल, डाव्या बरगडीखाली दुखत असेल किंवा आठवड्यात दोन किलो चढले असतील, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आणि गोळी स्वतःच्या मनाने कधीही थांबवू किंवा चुकवू नका. मी चुकवली होती, म्हणून इतक्या कळवळून सांगते आहे.

मार्चअखेरीस माझे वजन ५८.१ वर आले. टीएसएच ११ वर उतरला आणि थायरॉइडची मात्रा थोडी वाढवली गेली. सोनोग्राफीत पोटातले पाणी आता जेमतेम दिसते. वरचे तीन-चार किलो अजून आहेत. ते पाणी आहे, गोळीमुळे वाढलेले वजन आहे की वयाचे, हे अजून कोणालाही नक्की सांगता आलेले नाही आणि पुढच्या काही महिन्यांत वजन कुठे स्थिरावते ते पाहायचे आहे. कापसाचा हंगाम संपला तरी काटा मी ओसरीतून आत माळ्यावर जाऊ दिलेला नाही. दर सोमवारी शाळेत निघण्याआधी, चहा घेण्यापूर्वी, त्यावर उभी राहते आणि जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर आकडा लिहिते. सासूबाई चुलीपाशी बसल्या जागेवरून विचारतात, "काटा काय म्हनते?" पुढची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. तेव्हा पेरणीची घाई असेल, पण नागपूरला दोघांनीही जायचे, हे या वेळी आतापासूनच ठरले आहे.